एकास शंभर

चिलोए बेटावर घरं चालतात.
म्हणजे बैल ओढतात, गाव रेटा देतं,
आणि घर पडद्यांसकट, धुराड्यासकट
ओंडक्यांवरून घसरत नव्या जागी जातं.
याला मिंगा म्हणतात. मजुरी नसते,
शेवटी जेवण असतं.

चिगुआयांच्या अंगणाचा समुद्राने
त्या हिवाळ्यात तिसरा घास घेतला
तेव्हा रुपेर्तो म्हणाला, पुरे. टेकडीवर जाऊ.

मी त्याच आठवड्यात सातवीला
प्रमाणाचा धडा घेत होतो.
गृहपाठ: आपलं घर मोजा, कागदावर आणा.

यास्नाने दोन कागद आणले.
एकावर घर, एकावर टेकडीची वाट.
घर कात्रीने कापून तिने वाटेवर ठेवलं
आणि वर्ग खो खो हसला.
कोंबडीएवढं चर्च,
त्याच्या शेजारी बैलाएवढं घर.

"टेपने मोजलंय, सर. दोनदा."
मोजलं होतं, शंका नाही.
घर एकास पन्नासने उतरलं होतं,
वाट एकास शंभरने.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
मी म्हटलं, वाट पाहून घर काढ.

रात्री तिने पुन्हा काढलं.
सात मीटर वीस, पाच मीटर चाळीस;
मीटरचा सेंटिमीटर झाला,
स्वयंपाकघर नखाएवढं.
आईने डोकावून विचारलं,
"शंभरपट लहान? मग अशी शंभर घरं मांडली
की आपली जमीन झाकेल?"
"नाही गं. शंभर रांगा. रांगेत शंभर.
दहा हजार लागतील."
"एवढा कागद आणणार कुठून," आई म्हणाली
आणि बटाटे सोलत राहिली.

चर्चशेजारी वाट सहा मीटर रुंद.
कागदी घर लांबीच्या बाजूने सरळ गेलं,
दोन्हीकडे तीन तीन मिलिमीटर राखून.
वळणावर मात्र अडलं.
यास्नाने घराच्या मध्यात टाचणी रोवली, घर फिरवलं.
चारी कोपऱ्यांनी मिळून एक वर्तुळ आखलं,
व्यास बरोबर नऊ.
वळणावर जागा होती आठ पूर्णांक सात:
इकडे दोन्या एदेल्मिराचं सफरचंदाचं झाड,
तिकडे कुंपण.

तीन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याची रुंदीही नाही.
पण शंभराने गुणलं की हातभर कमी तीस सेंटिमीटर,
आणि रुपेर्तोने कुऱ्हाडीकडे पाहिलं.

"झाड नको," यास्ना म्हणाली.
"कुंपणाचे चार खांब काढा. हे, हे, हे आणि हा."
प्रत्येक खांब म्हणजे पेन्सिलीचा एक ठिपका.
काका म्हणाला, बैलांना सेंटिमीटर कळत नाही.
ती म्हणाली, तुम्हाला कळला तरी चालेल.

रविवारी आठ जोड्या जुंपल्या.
पाऊस होता, तिथे असतोच.
वळणावर घर कण्हलं, थांबलं,
आतली एक बशी फुटल्याचं सगळ्यांनी ऐकलं.
मग ते हळूहळू फिरलं
आणि कोपरा झाडाच्या खोडाजवळून गेला.
मी बोटं घालून पाहिलं. तीन बसली.
पाच सेंटिमीटर,
म्हणजे कागदावर अर्धा मिलिमीटर,
म्हणजे तिच्या बोथट पेन्सिलीच्या रेघेची जाडी.
टोक कर, टोक कर म्हणून मी वर्षभर ओरडत होतो
त्याच रेघेत ते अंतर मावलं असतं,
कोणाला दिसलंही नसतं.

वर जेवण झालं, शिंपले, डुकराचं मांस, सफरचंदाची दारू.
काका चार खांबांची गोष्ट
आपलीच म्हणून सांगू लागला.

संध्याकाळी मी खाली किनाऱ्यावर आलो.
घर होतं तिथे फिकट गवताचा आयत उरला होता,
सात वीस गुणिले पाच चाळीस,
कोपरे काटकोनात,
प्रमाण एकास एक.
चिगुआयांच्या कोंबड्या टेकडी उतरून परत आल्या होत्या
आणि त्या आयताच्या आत,
जिथे स्वयंपाकघर असायचं तिथे,
पंख मिटून बसल्या होत्या.